न वापरलेले म्हणजे नवे नव्हे: पिनबॉल यंत्राच्या जुन्या सुट्या भागांच्या एका खरेदीचे परीक्षण

पिनबॉल म्हटले की बहुतेक मराठी वाचकांना विंडोज एक्सपीच्या संगणकावरचा खेळ आठवतो. लाकडी पेटी, काचेखालचा उतरता पट, चेंडू परतवणारे दोन फ्लिपर आणि मागे उभी असलेली रंगीत काच, असे प्रत्यक्ष यंत्र ज्यांनी घरी बाळगले आहे त्यांना मात्र आधी आठवतो तो सुट्या भागांचा शोध. मी शिकागोच्या उपनगरात राहतो. गॉटलीब, बॅली आणि विल्यम्स या तिन्ही मोठ्या कंपन्या याच परिसरातल्या, त्यामुळे जुना माल अजूनही इथल्या गोदामांतून आणि धान्याच्या कोठारांतून निघत असतो. माझ्याकडे बॅलीचे १९७७ सालचे ‘एट बॉल’ हे यंत्र आहे. त्याचे २०,२३० नग तयार झाले होते, म्हणून त्याचे भाग अद्याप मिळतात. ते कोणत्या अवस्थेत मिळतात, हा या लेखाचा विषय आहे.

गेल्या शरद ऋतूत मी इलिनॉयमधल्या एका खासगी विक्रेत्याकडून या यंत्राच्या भागांचा एक लॉट ६४० डॉलरना घेतला. त्यात एक बॅकग्लास (यंत्रामागची ती रंगीत काच), पटावरच्या प्लास्टिकचा पूर्ण संच, सहा कॉइल (वीज मिळताच आतला लोखंडी दांडा ओढणारी तारेची वेटोळी), गुण दाखवणारे पाच डिस्प्ले, यंत्र चालवणाऱ्या चिपांचा एक मुख्य बोर्ड, रबरी कड्यांचा संच, स्विचांची एक पिशवी आणि छोट्या दिव्यांची दोन खोकी होती. सगळ्यावर एकच शिक्का होता: ‘एनओएस’, म्हणजे न्यू ओल्ड स्टॉक, कारखान्यातून बाहेर पडलेला पण कोणत्याही यंत्रात कधीच न बसलेला माल. विक्रेत्याचे वडील ऑपरेटर होते. बार आणि पिझ्झाच्या दुकानांत यंत्रे ठेवून मिळकत वाटून घेणाऱ्यांना इथे ऑपरेटर म्हणतात, आणि दुरुस्तीसाठी असे भाग त्यांच्याकडे पडून असत. त्याचा दावा खरा होता, हे प्रारंभीच नमूद करतो. त्याने दिलेला एकही भाग वापरलेला नव्हता. तरीही निम्म्या किमतीचा माल मला यंत्रात बसवता आला नाही, कारण वापराने झिजणारे भाग वेगळे आणि नुसत्या काळाने खराब होणारे भाग वेगळे, ही गोष्ट त्या एका शिक्क्यामागे झाकली जाते.

भाग खरोखर न वापरलेला आहे का, हे ओळखणे तुलनेने सोपे आहे. प्लास्टिकच्या तुकड्याला स्क्रूसाठी भोके असतात. तुकडा एकदा जरी आवळला गेला असेल तर भोकाभोवती दाबाचे बारीक वर्तुळ उमटते आणि ते पुसून जात नाही. कॉइलच्या टोकांवर सोल्डरचा थर आहे की मूळची चकाकी आहे, हे नुसत्या डोळ्यांनी दिसते, आणि कॉइलच्या आतल्या नळीत कापसाची काडी फिरवली की लोखंडी दांडा कधी धावला असेल तर काळी पूड लागते. डिस्प्ले बराच काळ पेटलेला असेल तर तो बंद असतानाही अंकांच्या रेघा काळपट दिसतात. या चारही कसोट्यांना विक्रेत्याचा माल उतरला. माझ्या मते खरी परीक्षा यानंतर सुरू होते, आणि बहुतेक खरेदीदार नेमके इथेच थांबतात.

मी सर्वांत आधी पिशव्यांवरच्या पिना पाहिल्या. त्या काळी छोटे भाग प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर पुठ्ठ्याची पट्टी पिनेने टाचत असत. पिन साध्या पोलादाची असल्याने ती दमटपणाची नोंद ठेवते: पिन चकचकीत असेल तर माल कोरड्या जागी राहिला असे समजावे, आणि पिनेभोवती पुठ्ठ्यावर तांबूस डाग पसरला असेल तर आतल्या स्प्रिंगा, दांडे आणि स्विचांच्या पट्ट्या अधिक बारकाईने पाहाव्यात. माझ्या लॉटमधल्या जवळजवळ सर्व पिना गंजलेल्या होत्या. विचारल्यावर विक्रेत्याने सरळ सांगितले, की माल अनेक वर्षे तापमान न राखलेल्या कोठारात होता. इथल्या हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली जातो आणि उन्हाळ्यात तेच कोठार भट्टीसारखे तापते. कोकणातल्या घरी पावसाळ्यात फुगणारे दार ज्यांनी पाहिले आहे, त्यांना अशा चढउतारांचा लाकडावर काय परिणाम होतो हे समजावून सांगावे लागणार नाही.

म्हणूनच त्याच्याकडचा न वापरलेला प्लेफिल्ड, म्हणजे मुख्य लाकडी पट, मी पाहूनही घेतला नाही. वरवर तो डोळ्यांचे पारणे फेडणारा होता. रंग कोरे होते आणि चेंडूची एकही खूण नव्हती. परंतु टॉर्च पटाला जवळजवळ समांतर धरल्यावर लाकडाच्या रेषांबरोबर धावणाऱ्या केसासारख्या चिरा उठून दिसल्या. वरचा लॅकर आकसत जातो आणि खालचे प्लायवुड ओल्या-कोरड्या हवेबरोबर फुगत आणि उतरत राहते, त्यातून या चिरा पडतात. त्यासाठी पटावरून चेंडू धावण्याची गरज नसते. शिवाय बिलियर्डच्या चेंडूंचे आकडे असलेल्या गोल पारदर्शक चकत्या, ज्यांना इन्सर्ट म्हणतात, त्यांच्या कडेवरून नख फिरवल्यावर ते अडकत होते. इन्सर्ट वर आला किंवा खाली बसला असेल तर त्याला पुन्हा समपातळीत आणताना त्यावरची छपाई बहुधा तडकते. विक्रेता पटासाठी जी किंमत मागत होता ती निर्दोष पटाची होती, आणि तो निर्दोष नव्हता.

बॅकग्लासबद्दल मी अधिक विस्ताराने लिहितो, कारण संपूर्ण लॉट मी त्याच्यासाठीच घेतला. हे चित्र काचेच्या मागच्या बाजूवर उलट क्रमाने छापलेले असते: आधी बारीक रेषा, मग रंग, मग पांढरा थर आणि जिथे प्रकाश दिसू द्यायचा नाही तिथे अपारदर्शक थर. वापरातल्या काचेचा रंग मागच्या दिव्यांच्या उष्णतेने सुटतो. न वापरलेल्या काचेला ती उष्णता लागलेली नसते, पण काच आणि रंग तापमानाबरोबर सारख्या प्रमाणात आकुंचन-प्रसरण पावत नाहीत, त्यामुळे वर्षानुवर्षांच्या थंडी-उन्हानेही पकड सैल होते. म्हणून काच समोरून पाहून कधीही पसंत करू नये. मी ती अंधाऱ्या खोलीत उभी धरून मागे दिवा लावला. सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर रंग तिथे गेलेला असतो. त्यानंतर मागची बाजू तिरक्या प्रकाशात पाहिली. रंगावर सुरकुत्या किंवा फुगीर बेटे असतील तर ठिपके आज नसले तरी लवकरच दिसू लागतात. तिथे बोट फिरवण्याचा मोह टाळावा, आणि चिकटपट्टी तर जवळही आणू नये. ती काढताना रंगाचा पापुद्रा बरोबर येतो.

माझ्या काचेत खालच्या डाव्या कोपऱ्यात चार ठिपके निघाले आणि तेवढ्याच भागात हलक्या सुरकुत्या होत्या. बाकीचा रंग घट्ट आहे. काचेला लावलेला कागद रंगाला चिकटलेला नव्हता, ही मोठीच सुदैवाची गोष्ट. एकावर एक रचून ठेवलेल्या काचांत तो अनेकदा चिकटतो आणि कागद ओढला की चित्राचा तुकडा जातो. काही संग्राहक मागून पारदर्शक ॲक्रिलिक स्प्रे मारून सगळा रंग बंदिस्त करतात. सुटू लागलेल्या रंगासाठी तो उपाय मला मान्य आहे, घट्ट रंगावर मात्र मी तो वापरणार नाही, कारण एकदा मारलेला थर मूळ छपाईला इजा न करता काढता येत नाही.

प्लास्टिकच्या संचाने मला सर्वांत अधिक समाधान दिले. रंग पारदर्शक प्लास्टिकच्या मागून छापलेले आहेत आणि भिंगातून पाहिल्यावर प्रत्येक रंग सलग दिसतो. हल्ली नव्याने छापलेल्या अनेक संचांत भिंगाखाली चार रंगांचे बारीक ठिपके दिसतात, म्हणून त्या काळच्या संचाची सत्यता पडताळण्यासाठी ही खूण उपयोगी पडते. पांढऱ्या कागदावर ठेवून पाहता पिवळेपणा नगण्य आहे. दोन लांब तुकडे मात्र उभे टेकवून ठेवल्याने धनुष्यासारखे वाकले आहेत. असे तुकडे काचेच्या दोन तावदानांत ठेवून ओव्हनच्या मंद उष्णतेवर सरळ करण्याची पद्धत प्रचलित आहे. तथापि उष्णता जराशी वाढली तरी शाईला तडा जातो, म्हणून मी ते काम अजून हाती घेतलेले नाही.

कॉइल हा असा भाग आहे, की तो न वापरलेला मिळाला तर निःशंकपणे घ्यावा, फक्त मल्टिमीटर सोबत ठेवावा. कॉइलच्या कागदी पट्टीवर २६-१२०० असे छापलेले असेल तर त्याचा अर्थ २६ गेजच्या तारेचे १,२०० वेढे असा होतो, आणि मीटरवर साधारण दहा-अकरा ओम दिसायला हवेत. शून्याच्या जवळ आकडा आला तर वेढे आतून एकमेकांना जोडले गेले आहेत. फ्लिपरच्या कॉइलमध्ये दोन गुंडाळ्या असतात, झटका देण्यासाठी जाड तारेची आणि फ्लिपर वर धरून ठेवण्यासाठी केसासारख्या बारीक तारेची. ही बारीक तार टोकाच्या पट्टीपाशी नुसत्या हाताळणीनेही तुटते. माझ्या सहांपैकी एका कॉइलमध्ये नेमके तेच झाले होते. सुदैवाने तुटलेले टोक बाहेर असल्याने एक वेढा सोडवून ते पुन्हा जोडता आले.

डिस्प्ले पाचपैकी चार उत्तम निघाले. ते वायू भरलेल्या काचेचे असून सुमारे १७० व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाबावर नारिंगी उजळतात. वापराने ते मंदावतात, त्यामुळे न वापरलेल्या नगाला खरेच मोल आहे. पाचव्याच्या काचेचे सीलबंद टोक मोडलेले होते. ते टोक बोटाच्या पेराहून लहान असते आणि मोडले की वायू निघून जातो, उपाय नाही. विकत घेताना मी ते टोक पाहिले नाही, ही माझी चूक.

मुख्य बोर्डाने मात्र निराशा केली, आणि ती अधिक बोचली, कारण तो कारखान्याच्या बंद पिशवीत होता आणि त्या बंदपणासाठीच विक्रेत्याने अधिक पैसे लावले होते. या पिढीच्या बॅली बोर्डावर स्मृती टिकवण्यासाठी निकेल-कॅडमियमची लहान बॅटरी सोल्डर केलेली असते. बोर्ड वापरा किंवा वापरू नका, बॅटरी जुनी झाली की पाझरते, आणि तिच्यातला अल्कलीयुक्त द्रव बोर्डावरच्या वीज वाहणाऱ्या तांब्याच्या वाटा खात जातो. पिशवी उघडल्यावर बॅटरीभोवती हिरवट-पांढरी बुरशीसारखी खपली दिसली. ती शेजारच्या कनेक्टरच्या पिनांपर्यंत पोचली होती, आणि चिपच्या चांदीचा मुलामा दिलेल्या पायांवरही काळिमा होता. व्हिनेगर आणि पाण्याने ती खपली निष्प्रभ करता येते, पण पोखरलेली वाट परत येत नाही. त्याशिवाय इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर न वापरताही आतून सुकतात, म्हणजे तेही बदलावे लागतात. माझे स्पष्ट मत असे आहे, की या काळातला बोर्ड बंद पिशवीतून विकला जात असेल तर पिशवी उघडून दाखवण्याचा आग्रह धरावा, आणि विक्रेता नकार देत असेल तर खराब बोर्डाचीच किंमत द्यावी.

रबराबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. कडे ताणताच त्यावर भेगा उमटल्या आणि दोन कडी हातातच तुटली. ओझोन आणि काळ यांच्यापुढे नैसर्गिक रबर टिकत नाही, आणि नवा संच स्वस्तात मिळतो. स्विचांच्या पिशवीत दोन प्रकार मिसळलेले होते: फ्लिपरचा जड प्रवाह वाहणारे टंगस्टनचे आणि बोर्डाला संकेत देणारे, सोन्याचा मुलामा असलेले. टंगस्टनवरचा थर बारीक कानशीने घासता येतो. सोन्याच्या मुलाम्यावर कानस लावली तर स्विच कायमचा बाद होतो, तिथे जाड कागदाची पट्टी संपर्कांमधून ओढणे पुरेसे आहे. पट्ट्यांवर गंज होता, पण संपर्कबिंदू स्वच्छ होते.

विक्रेत्याच्या व्यवहाराविषयी माझी तक्रार नाही. बोर्डाची आणि मोडक्या डिस्प्लेची छायाचित्रे पाठवल्यावर त्याने दोन दिवसांत १४० डॉलर परत केले आणि बोर्डही ठेवून घेण्यास सांगितले. आक्षेप आहे तो एकाच वर्णनाने सगळा माल विकण्याला. ‘न वापरलेला, तापमान न राखलेल्या कोठारात साठवलेला, बॅटरीसह’ एवढे तीन शब्दप्रयोग त्याने लिहिले असते, तर मी काच, प्लास्टिक, कॉइल, डिस्प्ले आणि दिवे तेवढे घेऊन समाधानाने परतलो असतो आणि त्याला परतावा द्यावा लागला नसता.

दिव्यांची खोकी मी शेवटी उघडली. एकात ४४ क्रमांकाचे आणि दुसऱ्यात ४७ क्रमांकाचे दिवे होते. दोन्ही ६.३ व्होल्टचे, पण ४४ क्रमांकाचा दिवा २५० मिलिअँपिअर घेतो आणि ४७ क्रमांकाचा १५०, त्यामुळे दुसऱ्याची उष्णता बरीच कमी असते. बॅकग्लास अजून कागदात गुंडाळून भिंतीशी उभा आहे. मागच्या फळीवरचे सगळे दिवे काढून तिथे ४७ क्रमांकाचे बसवल्यानंतरच मी तो यंत्रात सरकवणार आहे.