आप्पांच्या दंडावरचा शुगर सेन्सर : सात महिने, पाच सेन्सर आणि तो स्टिकरचा गम

मे महिन्यातच लिहिणार होते, तेव्हा नुसता संताप होता, बरं झालं नाही लिहिलं. आता पाचवा सेन्सर चालू आहे आणि मत बरंच बदललंय, पण गमच्या बाबतीत अजिबात नाही, ते आधी सांगते.

आमचे आप्पा ७२ वर्षांचे, शुगर १९ वर्षांपासून, सकाळ-संध्याकाळ गोळ्या आणि रात्री इन्सुलिनचं एक इंजेक्शन. चोपडा तालुक्यात केळीची शेती, या वयातही रोज बागेत जाणारच. सेन्सर दंडाला मागून लावायचा, मोबाइल टेकवला की आकडा येतो, १४ दिवस चालतो, हे तुम्हाला माहीत असेलच. मला एक साडेचार हजाराच्या आसपास पडतो, म्हणजे दिवसाचे ३२० रुपये, तेवढ्यात घरात दोन दिवसांचा भाजीपाला येतो. म्हणून तो १४ दिवस टिकलाच पाहिजे असं माझं म्हणणं.

आणि तो टिकत नाही. निदान आपल्याकडच्या मेमध्ये तरी नाही. खोक्यावर ४५ अंशांपर्यंत चालतो असं छापलंय, आपल्या जळगाव जिल्ह्यात मेच्या दुपारी पारा तिथेच जाऊन बसतो, वर बागेतली दमट हवा, घामाने बंडी पिळून काढावी इतकी ओली. सहाव्या दिवशी आप्पांनी बंडी काढली आणि बंडीबरोबर सेन्सरही आला, आतल्या बाजूला तो केसासारखा बारीक तार तसाच उभा. कस्टमर केअरला चार फोन केले. सिरीयल नंबर सांगा, खोक्याचा फोटो पाठवा, कितव्या दिवशी निघाला, आंघोळ करताना निघाला का, सगळं सांगितलं आणि शेवटी उत्तर काय, तर घामाने निघाला तर बदलून मिळत नाही. अहो मग घाम न येणारा माणूस खानदेशात आणायचा कुठून? आठ दिवसांचे अडीच हजार पाण्यात गेले आणि त्याचा राग मला अजून आहे. (खोकं आणि निघालेला सेन्सर फेकू नका, फोनवर पहिले तेच विचारतात.)

आता रात्रीचं सांगते, कारण इथे माझी स्वतःची चूक झाली आणि ती तुमच्याकडून होऊ नये. पहिला सेन्सर फेब्रुवारीत डाव्या दंडाला लावला. सकाळी ग्राफ बघितला तर पहाटे २ ते ४ शुगर ५८-६०, म्हणजे फारच कमी (७० च्या खाली नको असते). तीन रात्री तसंच. माझे हातपाय गार पडले. एका रात्री ३ वाजता उठून मोबाइल टेकवला, ६१, लगेच आप्पांना उठवून साखरपाणी पाजलं, सकाळी उपाशीपोटी २४०. मी डॉक्टरांच्या मागे लागून इन्सुलिन ४ युनिट कमी करून घेतलं आणि पुढचे दहा दिवस सकाळची शुगर २०० च्या खाली आलीच नाही. तरी पहाटेची ती घसरण तशीच. शेवटी डॉक्टर म्हणाले, ताई, एकदा रात्री बोटातून रक्त काढून तपासा बरं. सेन्सरवर ५९, ग्लुकोमीटरवर १२१! आप्पा झोपतात डाव्या कुशीवर. दंड दाबला गेला की सेन्सरला साखर खोटी कमी दिसते, हे मला तेव्हा कळलं. इन्सुलिन परत पहिल्याइतकं केलं, पुढचा सेन्सर उजव्या दंडाला, पहाटेचा खड्डा गायब.

तो रक्तातली साखर मोजतच नाही, कातडीखालच्या पाण्यातली मोजतो, म्हणून रक्तापेक्षा पाच-दहा मिनिटं मागे असतो, जेवणानंतर शुगर भरभर चढत असेल तेव्हा जास्तच जाणवतं. पहिल्या दिवसाचे आकडे तर मी आता धरतच नाही. आणि आमच्यावाल्यात ८ तासांचाच डेटा राहतो, आप्पा साडेआठला झोपून पाचला उठतात, मध्ये एकदा मोबाइल टेकवला नाही तर ग्राफला भोक पडतं. म्हणून आई रात्री पाणी प्यायला उठली की टेकवते.

मग जूनमध्ये तिसऱ्या सेन्सरने पैसे वसूल करून दिले. संध्याकाळी पाचच्या सुमाराला रोज शुगर खाली येताना दिसायची. एक दिवस आप्पा बागेतून आले तर सेन्सरवर ६६ आणि बाण खाली, म्हणजे अजून उतरतेय, लगेच बोटातून बघितलं, ६२. खरीच कमी! आणि आप्पा खाटेवर बसून शांतपणे म्हणतात, "माले काहीच व्हयेल नही." ना घाम, ना थरथर. इतक्या वर्षांच्या शुगरमध्ये शरीर इशारा द्यायचंच बंद करतं, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि सकाळची गोळी अर्धी केली. हे तीन महिन्यांच्या एचबीए१सी या रक्ततपासणीत कधीच दिसलं नसतं, तिथे सगळी सरासरी येते. त्या दिवशी मला रडूच आलं, एवढी वर्षं हा माणूस मोटार चालू करायला विहिरीच्या काठावर एकटा जात होता.

खाण्याचं म्हणाल तर सगळ्यात मोठा धक्का साबुदाण्याचा. आप्पा माळकरी, महिन्याच्या दोन्ही एकादश्या धरतात, आणि घरात सगळ्यांचा समज की उपास म्हणजे शुगरला आराम. एक ताट खिचडी, दीड तासात २९४. भगर आणि शेंगदाण्याची आमटी दिली तर २०५ च्या आसपास. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि भरीत खाल्लं तर १७० च्या वर जात नाही, आणि जेवून गावाच्या वेशीपर्यंत पायी जाऊन आले तर तेवढीही नाही. घरची केळी जेवणावर अर्धी चालते, सकाळी रिकाम्या पोटी नको. हे आमच्या आप्पांचं, तुमच्याकडे वेगळं असेल, तुम्ही तुमचं बघा.

शुगर दिवसाचा ७० टक्के वेळ ७० ते १८० च्या मध्ये असावी म्हणतात. आप्पांचा हा वेळ पहिल्यांदा ४४ टक्के होता, आता ६३. मी ७० टक्क्यांसाठी हट्ट धरला होता, डॉक्टर म्हणाले या वयात ५० टक्क्यांच्या वर असलं तरी चालतं, पण शुगर ७० च्या खाली १ टक्कासुद्धा वेळ जायला नको. १ टक्का म्हणजे दिवसातली पंधरा मिनिटंच.

कायम लावणं आम्हाला परवडत नाही आणि आप्पांना गरजही नाही. गोळी किंवा इन्सुलिन बदललं की एक लावतो, एरवी दीड-दोन महिन्यांनी, मे मात्र सोडून. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या तरी घरात हव्यातच, सेन्सर घेतला म्हणून त्या बंद केल्या तर माझ्यासारखं साखरपाणी पाजत बसाल.

चालू सेन्सरचा आज अकरावा दिवस. लावताना स्पिरिटने पुसून हात पूर्ण सुकू दिला, वर मेडिकलवाल्याची पारदर्शक टेप लावली, तरी ऑक्टोबरच्या उन्हाने खालची कडा उचललीच आहे. परवा एकादशी आहे, आईने यावेळी भगरीत दुधी किसून घालायचं ठरवलंय. तेवढे दोन दिवस तरी टिकू दे.