हाडावरची चीर: दगडी पात्याची की मगरीच्या दाताची?

उत्खननात मिळालेल्या जुन्या हाडावरची चीर माणसाच्या हत्याराची का, हे पाहायला दहापट भिंग घ्या, उजेड तिरका पाडा. पात्याची चीर अरुंद, 'व्ही'सारखी. आत लांबीला समांतर बारीक रेघोट्या, आणि बहुधा स्नायू चिकटतात त्या जागी. तरसाच्या दाताची खूण रुंद, 'यू'सारखी.

घोटाळा होतो मगरीपाशी. (गोव्यातल्या कुंभारजुवे कालव्यात पाहिलीच असेल!) तिच्या नव्या दाताला कड असते, तिने हाडावर पडलेला खड्डा मधोमध दुभंगतो, ओरखडा 'व्ही'कडे झुकतो. वाळूत तुडवलेल्या हाडावरही रेघोट्या उठतात, पण उथळ आणि वेड्यावाकड्या. इथिओपियातल्या दिकिकाच्या सुमारे ३४ लाख वर्षांपूर्वीच्या हाडांवरच्या खुणा हत्याराच्या की नाहीत, हा २०१०पासूनचा वाद यातूनच. एकट्या चिरेवर निकाल देऊ नये.

गोव्यात हा प्रश्न क्वचितच येतो: आम्लधर्मी जांभ्या मातीत हाड विरघळते. तिथल्या उसगाळीमळ या गावी प्राचीन माणसाची खूण म्हणून कातळावरची कोरीव चित्रे तेवढी उरली.