हरणांसाठी चाऱ्याचा तुकडा: दहा महिन्यांनंतर काय टिकलं

पिशवीवरचं शिंगाळं हरीण बघून मिश्र बी घेतलं, ही पहिली चूक. मागच्या बाजूला बारीक अक्षरात बियांची टक्केवारी होती, ती उगवल्यावर वाचली. निम्म्याहून जास्त रायघास नावाचं गवत! स्वस्त, पटकन हिरवं दिसणारं, आणि हरणं त्याला क्वचितच तोंड लावतात.

मग वसंतात दहा गुंठ्यांत चवळी आणि वाल टाकले. उगवण छान झाली, पण महिन्याभरात रान बोडकं. बी खराब निघालं असं वाटलं. नशीब, पेरतानाच मधोमध तारेच्या जाळीचं चार फुटी कडं उभं केलं होतं. आतली चवळी गुडघ्याएवढी, बाहेर नुसते खुंट! खाली बसून ते खुंट पाहिले, तर टोकं फाटल्यासारखी, तुसं निघालेली. ससा तिरका, स्वच्छ काप देतो. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात, त्यामुळे ते ओरबाडून खातं. म्हणजे पीक फसलं नव्हतं, पुरलं नव्हतं. चवळी-वालाच्या अगदी कोवळ्या रोपाचा शेंडा गेला की ते सहसा सावरत नाही. एवढ्याशा तुकड्यात हा लाड परवडत नाही.

पांढऱ्या क्लोव्हरनं, म्हणजे शेंगवर्गातल्या बुटक्या चाऱ्यानं, आधी रडवलं. मातीचा सामू (pH) ५.४, म्हणजे आंबट, निघाला, आणि खसखशीएवढं बी मी इंचभर खोल गाडलं होतं. चुना घातला; त्याचा पूर्ण गुण यायला सहाएक महिने लागतात, तिथं घाई चालत नाही. उन्हाळा सरताना बियाला रायझोबियम (मुळांवर गाठी करून हवेतलं नत्र देणारे जिवाणू) चोळून, दाबून घट्ट केलेल्या जमिनीवर नुसतं फोकलं आणि वरून रूळ फिरवला. सोबत ओट टाकले. ओट आठवड्यात वर आले, हरणं त्यांच्यावर तुटून पडली आणि तेवढ्यात खाली क्लोव्हरनं बूड धरलं. परवा एक रोप उपटलं तर मुळांवर गाठी, फोडल्यावर आत गुलाबी. नत्र हवेतून मिळतंय, युरियाची गरज नाही. घातला तर तणच माजेल.

चिकोरी या पालेदार चाऱ्याबद्दल तक्रार नाही. खोल सोटमूळ आहे, पावसानं ताण दिला तेव्हा बाकी सगळं माना टाकत असताना ती हिरवी होती.

सलगमला मात्र मी दोन महिने शिव्या घातल्या. पानं हातभर झाली तरी एक खूर फिरकला नाही. कडाक्याची थंडी पडून दोन-तीनदा दहिवर गोठलं, पानांत साखर वाढली, आणि आठवड्याभरात नुसते देठ उरले. नंतर मातीतले कंदही उकरलेले दिसले.

पुढच्या खेपेला लहान तुकड्यात फक्त क्लोव्हर आणि चिकोरी. चवळी लावली तर एकरभर, नाहीतर नाहीच. सलगम त्याच जागी परत नको, मोहरीवर्गीय पिकांचे रोग मातीत साठतात. तिथं पालट म्हणून ओटांचा बेवड करीन.