पीआयपीचं अपील: सुनावणी कागदावर, फोनवर की समोरासमोर?

ब्रिटनमध्ये पीआयपी (अपंगत्व किंवा दीर्घ आजार असलेल्यांचा सरकारी भत्ता) नाकारला, फेरविचाराच्या अर्जावरही नकारच आला, की पुढची पायरी ट्रायब्युनलची, म्हणजे अशी अपिलं ऐकणाऱ्या स्वतंत्र न्यायालयाची. फेरविचाराच्या निर्णयापासून एका महिन्यात अपील करायचं असतं. त्या फॉर्मवर एक साधासा प्रश्न असतो: सुनावणीला यायचंय, की कागदपत्रं पाहूनच निकाल दिलेला चालेल? माझ्या ओळखीतल्या ज्येष्ठ मंडळींचा हात आपसूक कागदाच्या पर्यायाकडे जातो. कुणाला त्रास नको, रजा नको, जजसमोर इंग्रजी बोलायला नको. काकूंनीही त्याच चौकटीत खूण केली होती. मी ती बदलायला लावली. का, ते इथे मांडते. (हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं. स्कॉटलंडमध्ये आता वेगळा भत्ता आहे, आणि उत्तर आयर्लंडची व्यवस्था निराळी.)

कागदी सुनावणीत ट्रायब्युनलच्या पॅनेलपुढे काय असतं? डीडब्ल्यूपीने (भत्ता देणाऱ्या सरकारी खात्याने) पाठवलेला जाडजूड गठ्ठा, त्यात भत्ता ठरवण्यासाठी झालेल्या तपासणीचा अहवाल, आणि तुम्ही जोडलेली पत्रं. अहवालात "स्वयंपाक करते" असं लिहिलेलं असेल आणि तुमच्या कागदांत त्यावर काही नसेल, तर पॅनेलला वाचायला तेवढंच उरतं. आणि हे वाक्य बहुतेकदा आपल्याच तोंडून गेलेलं असतं. संधिवाताने काकूंची बोटं सकाळी मिटत नाहीत. तरी तपासणीत "स्वयंपाक कोण करतं?" असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "मीच करते की." घरात बाईमाणसाने दुसरं काय म्हणायचं! प्रत्यक्षात त्या खुर्चीवर बसून सांगतात; कांदा चिरतात काका आणि कुकर उचलतातही काकाच. सुनावणीत पॅनेलच्या डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "कांदा कोण चिरतं?" त्या एका प्रश्नाने चित्र पालटलं. कागदाला असा उलटा प्रश्न विचारता येत नाही. तोंडी सुनावणीत दावेदाराच्या बाजूने निकाल लागण्याचं प्रमाण कागदीपेक्षा बरंच जास्त असतं, त्याचं मुख्य कारण मला हेच वाटतं.

तरी कागदी सुनावणी कधीच नको असं मी म्हणणार नाही. बोलण्याच्या नुसत्या कल्पनेने प्रकृती ढासळत असेल, किंवा तज्ज्ञ डॉक्टरांची पत्रं नेमक्या वादाच्या मुद्द्यावर स्पष्ट बोलत असतील, तर ती चालेल. "रुग्णाला संधिवात आहे" एवढंच पत्र पुरत नाही. "भाजी चिरता येत नाही, तवा उचलता येत नाही, आठवड्यातले पाच दिवस असंच असतं" असं पत्र हवं.

फोनवरची सुनावणी कागदापेक्षा नक्कीच बरी, पण मला ती अर्धीच वाटते. सुजलेली बोटं दिसत नाहीत, आणि वेदनेने घेतलेला विराम ऐकणाऱ्याला गोंधळ वाटू शकतो. दुभाषी मध्ये असेल तर कोण कधी बोलतंय तेही कळेनासं होतं. ज्यांना घराबाहेर पडणंच अशक्य आहे त्यांनी शक्यतो व्हिडिओ मागावा. चेहरा दिसतो, शेजारी घरचं माणूस बसू शकतं. आदल्या दिवशी लिंक कुणाकडून तरी तपासून घ्या.

समोरासमोरच्या सुनावणीत पॅनेलवर तिघे असतात: न्यायाधीश, डॉक्टर आणि अपंगत्वाचा अनुभव असलेले एक सदस्य. काळा झगा नाही, पिंजरा नाही, मोठ्या टेबलाभोवतीची खोली. हमखास ऐकू येणारी भीती अशी: "चालत आत गेलो तर म्हणतील, चालता येतंय." ते विचारतीलच, गाडी कुठे लावली, दारापासून किती वेळा थांबलात. खरं तेच सांगा. नियमात अंतराला महत्त्व आहे: त्यावर गुण मिळतात आणि गुणांवर भत्त्याचा दर ठरतो. उभं राहून २० मीटरपेक्षा जास्त चालता येत नसेल तर १२ गुण, म्हणजे भत्त्याच्या चालण्या-फिरण्याच्या भागाचा वाढीव दर. आधाराशिवाय ५० मीटरपर्यंतच चालता येत असेल तर ८ गुण, म्हणजे साधा दर. आणि "चालता येतं" म्हणजे सुरक्षितपणे, नीट, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळात. एकदा दात-ओठ खाऊन जमलं ते यात मोजत नाहीत. प्रवासखर्च मिळतो, पण टॅक्सी हवी असेल तर आधी विचारून घ्या.

दुसरा निर्णय भाषेचा. रोजच्या कामापुरतं इंग्रजी येणं वेगळं आणि "सकाळी अंग आखडतं", "कळ निघते", "मुंग्या येतात" यांतला फरक इंग्रजीत सांगणं वेगळं. मनात शंका असेल तर दुभाषी मागा, मोफत असतो. फॉर्मवर भाषा "मराठी" अशीच लिहा, "इंडियन" किंवा "हिंदी" नको. मुलाला किंवा सुनेला सहसा दुभाषाचं काम करू देत नाहीत. पण शेजारी बसता येतं, आणि साक्षीदार म्हणून तुम्हाला रोज काय मदत लागते तेही सांगता येतं. काका तसे बोलले.

वकिलाचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये या टप्प्यावर सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. सिटिझन्स ॲडव्हाइस (मोफत सल्ला देणारी संस्था) किंवा स्थानिक कौन्सिलचा वेल्फेअर राइट्स (भत्त्यांविषयी सल्ला देणारा) विभाग गाठा, तारीख येण्याची वाट न पाहता. तुम्हाला आधीच साधा दर मिळत असेल आणि वाढीव हवा असेल, तर सल्ल्याशिवाय अपील करूच नका. पॅनेल आहे तो दर कमीही करू शकतं.

कुठलीही सुनावणी घेतलीत तरी एक गोष्ट बदलत नाही: विचार होतो तो डीडब्ल्यूपीने मूळ निर्णय दिला त्या दिवशीच्या प्रकृतीचा. नंतर प्रकृती बिघडली असेल तर ते वेगळं कळवावं लागतं. म्हणून आजची व्यथा सांगण्याआधी ती तारीख कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवा. त्या सुमाराचे महिने कसे गेले, महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस काय जमत नव्हतं, ते आठवून लिहा.

कागदाच्या चौकटीत आधीच खूण केली असेल तर ट्रायब्युनलला आजच पत्र लिहा: अपील क्रमांक, "मला तोंडी सुनावणी हवी", कोणत्या प्रकारची हवी आणि मराठी दुभाषी हवा का. आमचं पत्र चार ओळींचं होतं.