रेस्टिक वर्षभर वापरल्यावर: जुने बॅकअप ठेवायचे किती, उडवायचे कधी

बॅकअप घेणारी सॉफ्टवेअरं पैशाला पासरी मिळतात. जुने बॅकअप शहाणपणाने उडवणारी मोजकीच, आणि रेस्टिक मी निवडलं ते त्यासाठीच. नाशिकमधल्या एका करसल्लागाराच्या ऑफिसातले कॉम्प्युटर मी सांभाळतो. टॅलीचा डेटा, क्लायंटांचे स्कॅन केलेले कागद, एक्सेलच्या फायली, सगळं रोज रात्री एका एक्स्टर्नल डिस्कवर आणि भारतातल्याच एका क्लाउडवर जातं. (कंपन्यांच्या इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज हवा, असा नियम ऑगस्ट 2022 मध्ये आला. त्यामुळे परदेशातला स्वस्त क्लाउड बादच.)

सॉफ्टवेअर फुकट आहे, ओपन सोर्स आहे, पण सगळा कारभार कमांड लाइनवर. बटणं हवी असतील त्यांनी त्याच्यावरच चालणारं बॅकरेस्ट बघावं.

आता मुद्द्याचं. रेस्टिकमध्ये उडवण्याचं काम दोन टप्प्यांत होतं. ‘फर्गेट’ फक्त स्नॅपशॉट (एका वेळच्या बॅकअपची नोंद) यादीतून काढतं, डेटा जागेवरच राहतो. हा डेटा रेस्टिक फायलींचे तुकडे करून साठवतं. त्यानंतर ‘प्रून’ चालवलं की ज्या तुकड्यांची आता कुठल्याच स्नॅपशॉटला गरज नाही, तेवढेच डिस्कवरून पुसले जातात. सारखे तुकडे एकदाच साठवले जात असल्यामुळे भाराभर स्नॅपशॉट उडवूनही कधी कधी जेमतेम जागा सुटते. नवीन माणूस इथे बुचकळ्यात पडतो. स्कॅन केलेल्या पीडीएफ वर्षानुवर्षं बदलत नाहीत, त्यामुळे त्यांचे जुने स्नॅपशॉट जवळपास फुकटात पडतात. जागा खातात त्या रोज बदलणाऱ्या फायली. त्यात कुणी टॅलीच्या डेटाची रोज झिप करून ठेवत असेल तर ती सवय आधी मोडा. मूळ फाइल थोडीशीच बदलली तरी झिप बरीचशी बदलते आणि रोज जवळपास नवीन डेटा साठत जातो. 2022 च्या 0.14 आवृत्तीपासून रेस्टिक स्वतःच कॉम्प्रेशन करतं, झिपचं काम उरलेलं नाही.

‘फर्गेट’ला ‘ड्राय-रन’ जोडून चालवलं की काहीही न पुसता तक्ता समोर येतो: कोणता स्नॅपशॉट राहणार, कोणता जाणार, आणि राहणाऱ्याच्या पुढे कारण, रोजचा म्हणून, आठवड्याचा म्हणून की महिन्याचा म्हणून. या एका तक्त्यासाठी मी या सॉफ्टवेअरला पूर्ण मार्क देतो. काय राखायचं त्याचे नियम ‘फर्गेट’ला द्यायचे असतात. ‘कीप-डेली 30’ म्हणजे कॅलेंडरचे 30 दिवस नव्हेत, ज्या दिवशी स्नॅपशॉट झाला असे शेवटचे 30 दिवस. दिवाळीत ऑफिस आठवडाभर बंद राहिलं तरी त्या आठवड्यापायी जुना स्नॅपशॉट जात नाही.

गोची आहे ती ‘कीप-इयरली’ची. ते प्रत्येक कॅलेंडर वर्षातला शेवटचा स्नॅपशॉट ठेवतं, म्हणजे 31 डिसेंबरचा. हिशेबाच्या ऑफिसला त्याचं काय करायचं? आमचं वर्ष 31 मार्चला संपतं, आणि खाती पक्की होतात ती ऑडिट आणि रिटर्न झाल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणून वार्षिक नियम मी लावलेलाच नाही. रिटर्न भरून झाल्या दिवशीच्या स्नॅपशॉटला आर्थिक वर्षाचा टॅग लावायचा आणि ‘कीप-टॅग’ने तो राखायचा. कंपनीच्या वह्या 8 आर्थिक वर्षं ठेवाव्या लागतात, जीएसटीच्या नोंदी वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने. ही मुदत संपली की टॅगवाले स्नॅपशॉट हाताने उडवायचे. बाकी 30 दिवस, 12 आठवडे, 24 महिने. महिने इतके का, तर एप्रिलमध्ये उडालेली एंट्री पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरच्या ऑडिटमध्ये सापडते. चूक किती उशिरा लक्षात येते ते आधी बघावं, डिस्क किती मोठी हे नंतर.

दुसरी गोष्ट, ‘फर्गेट’ हे नियम कॉम्प्युटरचं नाव आणि फोल्डरचा पत्ता यांच्या गटागटाने लावतं. कुणी डेटाचा फोल्डर हलवला आणि बॅकअपचा पत्ता बदलला की नवा गट सुरू होतो, आणि जुन्या गटात नवीन स्नॅपशॉट येत नसल्यामुळे त्यातले राखलेले तसेच ठाण मांडून बसतात. आमच्याकडे हे झालं होतं. ‘ग्रुप-बाय’ फक्त कॉम्प्युटरच्या नावावर ठेवलं आणि प्रश्न सुटला. पण एकाच मशीनवरून वेगवेगळ्या फोल्डरांचे वेगळे बॅकअप घेत असाल तर हे करू नका, ते एकमेकांना बाहेर ढकलतील.

‘प्रून’ चालू असताना बॅकअपच्या साठ्याला कुलूप लागतं आणि नवीन बॅकअप होत नाही, म्हणून ते रविवारी. मध्येच लाइट गेली तरी डेटा शाबूत राहतो, कारण नवे तुकडे आणि इंडेक्स लिहून झाल्यावरच जुने पुसले जातात. मागे राहिलेलं कुलूप ‘अनलॉक’ने काढायचं, बस. कुणाच्या डेस्कटॉपवरचा लग्नाचा व्हिडिओ वर्षभराच्या स्नॅपशॉटांत घुसला असेल तर ‘रीराइट’ तेवढाच वगळून नवे स्नॅपशॉट बनवतं. त्याला ‘फर्गेट’चा पर्याय जोडला की जुने यादीतून जातात, नंतर पुन्हा ‘प्रून’.

क्लाउडवाल्यांनी एक तपासावं. तिथे व्हर्जनिंग चालू असेल तर रेस्टिकने पुसलेल्या फायली जुन्या व्हर्जन म्हणून पडून राहतात आणि बिल काही उतरत नाही. जुनी व्हर्जन ठरावीक दिवसांनी काढण्याचा नियम तिकडे वेगळा लावावा लागतो. आम्ही 30 दिवसांचा लावलाय. ऑफिसच्या मशीनवर व्हायरस शिरून त्याने बॅकअप पुसले, तर परत आणायला तेवढे दिवस हातात राहतात.