फिरते पॉइंट्स घ्यायचे तर होम रिसॉर्ट कोणता? डिस्ने व्हेकेशन क्लबचा माझा हिशेब

आधी उत्तर सांगते, मग कारणं. डिस्ने व्हेकेशन क्लब म्हणजे डिस्नेच्या रिसॉर्ट्सचा टाइमशेअर, आणि तिथे रूम बुक होते ती पॉइंट्स खर्चून. हे पॉइंट्स एकाच रिसॉर्टला दरवर्षी जाण्यासाठी नको असतील, म्हणजे यंदा इथे पुढच्या वर्षी तिथे, जिथे रूम मिळेल आणि मन होईल तिथे राहायचं असेल, तर रीसेलमध्ये, म्हणजे डिस्नेकडून न घेता जुन्या मालकाकडून, फ्लोरिडातलं सॅराटोगा स्प्रिंग्ज रिसॉर्ट घ्या. बऱ्याच घरांसाठी तोच सगळ्यात शहाणा पर्याय आहे असं माझं ठाम मत आहे. सगळ्यांसाठी नाही, ते पुढे येतंच.

ज्यांना सिस्टिमच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा क्लब १९९१ मध्ये फ्लोरिडात ओल्ड की वेस्टपासून सुरू झाला, आता फ्लोरिडा, कॅलिफोर्निया, साउथ कॅरोलायना आणि हवाईमध्ये मिळून बरीच रिसॉर्ट्स आहेत. तुम्ही एका रिसॉर्टचे पॉइंट्स विकत घेता, ते तुमचं होम रिसॉर्ट. दरवर्षी तेवढे पॉइंट्स खात्यात येतात आणि दरवर्षी तेवढ्या पॉइंट्सचे ड्यूज (देखभालीचा वार्षिक खर्च) भरावे लागतात, तुम्ही गेलात तरी आणि नाही गेलात तरी. होम रिसॉर्टचं बुकिंग तुम्हाला ११ महिने आधी करता येतं, बाकी रिसॉर्ट्सचं ७ महिने आधी. हा ११ आणि ७ मधला फरक, म्हणजे चार महिन्यांचा हक्क, त्यासाठीच लोक महागडं रिसॉर्ट घेतात.

आता मुद्दा असा की ७ महिन्यांच्या खिडकीत सगळे पॉइंट्स सारखेच. ग्रँड फ्लोरिडियनचा पॉइंट जास्त दिवस झोपवत नाही आणि सॅराटोगाचा कमी झोपवत नाही, पॉलिनेशियनला स्टुडिओला (सगळ्यात लहान, एका खोलीची रूम) रात्रीचे जेवढे पॉइंट्स लागतात तेवढेच लागतात, ते कुठल्या रिसॉर्टचे आहेत कोणी विचारत नाही. मग जो माणूस चार महिन्यांचा हक्क वापरणारच नाहीये त्याने त्याचे पैसे का भरायचे? हे डोक्यात पक्कं बसलं ना की अर्धा गोंधळ तिथेच संपतो, मग बघायचं फक्त एवढंच की पॉइंट वर्षाला कितीला पडतो.

आणि इथे लोक फसतात ते नुसत्या विकत घेण्याच्या किमतीला. प्रत्येक कॉन्ट्रॅक्टला शेवटची तारीख असते. बोर्डवॉक, बीच क्लब, बोल्डर रिज, व्हेरो बीच, हिल्टन हेड हे सगळे २०४२ च्या जानेवारीत संपतात, ओल्ड की वेस्टचे बरेचसे पण तेव्हाच, काहींची मुदत मालकांनी २०५७ पर्यंत वाढवून घेतलेली आहे. सॅराटोगा २०५४, अ‍ॅनिमल किंग्डम २०५७, बे लेक टॉवर २०६०, ग्रँड फ्लोरिडियन २०६४, पॉलिनेशियन २०६६, कॉपर क्रीक २०६८. आता समजा २०४२ वालं काहीतरी ८० डॉलरला मिळतंय आणि १६ वर्षं उरलीत, तर ड्यूज सोडून पॉइंट वर्षाला ५ डॉलरला पडला. २०५४ वालं ९८ डॉलरला मिळालं आणि २८ वर्षं उरलीत तर साडेतीनला. म्हणजे दिसायला महाग ते खरं स्वस्त. १५० पॉइंट्स असतील तर वर्षाला २२५ डॉलरचा फरक झाला, आणि तोही दरवर्षी. (आकडे हिशेब दाखवायला घेतलेत, बाजारभाव बदलत असतो, तुम्ही घ्याल त्या दिवशीचे टाका.)

मग ड्यूज. ते प्रत्येक रिसॉर्टचे वेगळे आणि दरवर्षी बदलतात, बहुतेक वेळा वरच जातात. व्हेरो बीच रीसेलमध्ये फार स्वस्त दिसतं, बघितल्यावर वाटतं अरे हेच घेऊ, पण त्याचे ड्यूज सगळ्यात जास्त असणाऱ्यांपैकी आहेत, समुद्राकाठचं रिसॉर्ट, वादळांचा विमा, देखभाल, सगळं मालकांच्या डोक्यावर येतं. आणि वर मुदत २०४२. हिल्टन हेडचं पण तेच. तिथे समुद्रावर जाऊन राहायचंय म्हणून घेताय तर जरूर घ्या, दोन्ही जागा शांत आणि छान आहेत, पण फिरते पॉइंट्स म्हणून ते अजिबात घेऊ नका. पॉइंटमागे ड्यूजमध्ये १ डॉलरचा फरक १५० पॉइंट्सवर २८ वर्षांत ४२०० डॉलर होतो, ड्यूज वाढतात ते धरलंच नाहीये यात.

सॅराटोगाला ड्यूज मध्यम, मुदत बरी लांब, रीसेलची किंमत आवाक्यातली, आणि रिसॉर्ट प्रचंड मोठं असल्यामुळे रीसेलमध्ये कॉन्ट्रॅक्ट्स सतत येत असतात, त्यामुळे हवे तेवढे पॉइंट्स आणि हवा तो यूज इयर (ज्या महिन्यात दरवर्षी नवे पॉइंट्स येतात तो, शेवटी सांगते) मिळेपर्यंत थांबता येतं. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. फिरते पॉइंट्स घेणाऱ्याला कधी ना कधी ७ महिन्यांच्या दिवशी हवं ते मिळत नाही, आणि तेव्हा तुमच्या हातात उरतं तुमचं होम रिसॉर्ट. म्हणून होम रिसॉर्ट असं हवं की तिथे राहावं लागलं तरी घरातल्या कोणाचा चेहरा पडणार नाही. सॅराटोगाहून डिस्ने स्प्रिंग्जला, म्हणजे डिस्नेच्या दुकानं-हॉटेलांच्या भागात, चालत जाता येतं, झाडी आहे, तळं आहे, लहान मुलांना मोकळं धावायला जागा आहे. तिथली ट्रीहाऊस व्हिला तर तीन बेडरूमची, झाडांमध्ये खांबांवर उभी, आणि ती ११ महिन्यांच्या हक्काने मिळवण्यासारखी आहे, दोन कुटुंबं मिळून जाणार असाल तर बघाच.

कमतरता पण आहेत. रिसॉर्ट पसरलेलं आहे, बसचे आतच अनेक थांबे, पार्कला चालत जायची सोय नाही, मोनोरेल नाही. आजी-आजोबा बरोबर असतील तर काँग्रेस पार्क किंवा द स्प्रिंग्जच्या इमारती मागा, नाहीतर रोजची पायपीट होते. ज्यांना बसचा कंटाळा आहे त्यांनी थोडे जास्त पैसे घालून बे लेक टॉवर बघावं, मॅजिक किंग्डम पार्क चालत, ड्यूज बरे, मुदत २०६०. त्याच्या स्टुडिओ मला अरुंद वाटतात, पण रात्री पार्क बंद होताना झोपलेलं पोर खांद्यावर घेऊन दहा-पंधरा मिनिटांत रूमवर पोचता येणं ही काय सोय आहे ते आईबापांनाच कळेल.

आता हे सगळं कोणाला लागू नाही. तुमच्या तारखा शाळेच्या सुट्टीला बांधलेल्या असतील आणि तुम्हाला ठरावीक रिसॉर्टचा स्टुडिओच हवा असेल तर फिरते पॉइंट्स तुम्हाला त्रास देतील. डिसेंबरचे पहिले दोन आठवडे, ख्रिसमस, जानेवारीतली मॅरेथॉन, एपकॉट पार्कचा फूड अँड वाइन फेस्टिव्हल चालू असताना बीच क्लब आणि बोर्डवॉक, अशा वेळी स्टुडिओ ७ महिन्यांपर्यंत शिल्लक राहतीलच याचा भरवसा नसतो. अ‍ॅनिमल किंग्डमच्या जॅम्बो हाऊसमधले व्हॅल्यू (कमी पॉइंट्सवाले) स्टुडिओ तर मोजकेच आहेत, ते ११ महिन्यांलाच पटापट जातात. कॅलिफोर्नियातलं ग्रँड कॅलिफोर्नियन लहान आहे आणि पार्कमध्ये थेट दार आहे, तिथे ७ महिन्यांवर भरवसा ठेवून विमानाची तिकिटं काढू नका. अशांनी आवडतं रिसॉर्टच घ्यावं आणि ११ महिन्यांच्या दिवशी ईस्टर्न टाइमने सकाळी ८ वाजता बसावं. एक बेडरूमवाल्या रूम्स मात्र तुलनेने सोप्या जातात, पॉइंट्स बरेच जास्त लागतात पण पूर्ण स्वयंपाकघर आणि वॉशिंग मशीन-ड्रायर आत असतात, आठवडाभर राहायचं तर फार सुखाचं. वेटलिस्टला नाव टाकायचं कधी विसरू नका, लोक प्लॅन बदलत असतात आणि रूम्स परत येतात.

रीसेल की थेट डिस्नेकडून, हा प्रश्न येणारच. थेट घेतलं तर सध्या विक्रीत असलेल्या रिसॉर्ट्सचा भाव पॉइंटला २०० डॉलरच्या पुढे असतो. रीसेल बरंच स्वस्त, पण १९ जानेवारी २०१९ पासून नियम असा आहे की त्या तारखेनंतर रीसेलमध्ये घेतलेले जुन्या १४ रिसॉर्ट्सचे पॉइंट्स त्या १४ मध्येच चालतात, रिव्हिएरा, डिस्नेलँड हॉटेलच्या व्हिला आणि फोर्ट विल्डरनेसच्या केबिन्सना चालत नाहीत. उलट बाजूने तर अजून कडक, रिव्हिएरा रीसेलमध्ये घेतलंत तर ते पॉइंट्स फक्त रिव्हिएरातच. म्हणजे फिरायचं म्हणून पॉइंट्स घेताय आणि रिव्हिएरा रीसेलमध्ये उचललंत तर पायात बेडीच घातलीत. रिव्हिएरा जागा म्हणून सुंदर आहे, एपकॉटला स्कायलायनरने (डिस्नेच्या केबल कारने) जाता येतं, मला फार आवडतं, पण हा नियम मला मनापासून खटकतो कारण पुढे विकायची वेळ आली की घेणारा याच कारणाने भाव पाडून मागतो, आणि हे विकत घेतानाच स्पष्ट समजून घ्यायला पाहिजे. तुम्हाला नवीन रिसॉर्ट्स हवीतच असतील तर थेट घ्या, नसतील तर जुनी १४ भरपूर आहेत. पॉलिनेशियनचा डिसेंबर २०२४ मध्ये उघडलेला आयलँड टॉवरसुद्धा जुन्या पॉलिनेशियनच्याच असोसिएशनमध्ये (मालकांच्या संघटनेत) आहे, त्यामुळे रीसेलवाल्यांना तो खुला आहे, ही मोठी गोष्ट झाली.

रीसेलमध्ये डील ठरली तरी डिस्नेला ती त्याच भावाला स्वतः घ्यायचा पहिला हक्क असतो, त्यासाठी ३० दिवस असतात, त्यांनी घेतलं तर तुमचं डिपॉझिट परत येतं पण वेळ जातो. म्हणून घाईची ट्रिप समोर ठेवून रीसेलच्या मागे लागू नका. कॉन्ट्रॅक्टमध्ये यंदाचे आणि पुढच्या वर्षीचे पॉइंट्स शिल्लक आहेत की विकणाऱ्याने वापरून टाकलेत ते आधी बघा, यंदाचे पॉइंट्स नसतील तर यंदाचे ड्यूज तुम्ही भरायचे कारण नाही, हे लिहून घ्या. अजून खात्रीच नसेल तर आधी दुसऱ्या मेंबरकडून पॉइंट्स भाड्याने घेऊन एकदा राहून बघा. आणि कर्ज काढून तर मुळीच नको, व्याज धरलं की वरचा सगळा हिशेब कोसळतो.

शेवटचं म्हणजे यूज इयर, ज्याकडे कोणी बघत नाही. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, जून, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, डिसेंबर, यातला एक महिना तुमच्या कॉन्ट्रॅक्टला चिकटलेला असतो, त्या महिन्यात नवे पॉइंट्स येतात. न वापरलेले पुढच्या वर्षात बँक करता येतात पण पहिल्या ८ महिन्यांतच, आणि एकदा बँक केलेले परत बँक होत नाहीत. आता तुम्ही साधारण डिसेंबरमध्ये जाता आणि यूज इयर फेब्रुवारीचा आहे असं धरा. बँक करायची मुदत सप्टेंबरअखेर संपली, ट्रिप नोव्हेंबरमध्ये रद्द झाली, तर ते पॉइंट्स जानेवारी संपायच्या आत कुठेतरी संपवा नाहीतर गेले. तेच सप्टेंबरचा यूज इयर असता तर एप्रिलअखेरपर्यंत निवांत बँक केले असते. रद्द करताना चेक-इनला ३० दिवस किंवा त्याहून कमी उरले असतील तर ते पॉइंट्स होल्डिंगमध्ये जातात, त्यातून पुढच्या ६० दिवसांतलंच बुकिंग करता येतं आणि ते बँकही होत नाहीत. तेव्हा रिसॉर्ट ठरलं तरी, ज्या महिन्यांत नेहमी जाता त्याच्या दोन-चार महिने आधीचा यूज इयर असलेलं कॉन्ट्रॅक्ट येईपर्यंत थांबा, सॅराटोगाची येत राहतात.