स्विस रेल्वे: वेगापेक्षा मेळ मोठा मानणारी सेवा

झुरिचच्या मुख्य स्थानकात तास भरण्याच्या सुमारास थोडा वेळ थांबून पाहावे. बर्न, बासेल, सांक्ट गालेन अशा निरनिराळ्या दिशांच्या गाड्या पाठोपाठ फलाटांना लागतात, उतारू एका फलाटावरून दुसऱ्या फलाटाकडे निघतात आणि तास उलटून काही मिनिटे होतात तोच त्याच गाड्या पुन्हा आपापल्या दिशेने सुटू लागतात. अर्ध्या तासाने हाच प्रकार पुन्हा घडतो. स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय रेल्वेचे परीक्षण करायचे तर ते डोंगरदऱ्यांच्या वर्णनापासून नव्हे, गाड्यांच्या या भेटीगाठींपासून सुरू करावे असे मला वाटते, कारण या रेल्वेचे खरे कौशल्य तिथे आहे. युरोपातल्या जलद गाड्यांशी तुलना केली तर स्विस गाड्या काही फार वेगवान नाहीत. तरीही एका गावाहून दुसऱ्या आडगावी पोहोचायला लागणारा एकूण वेळ पाहिला, तर त्या क्वचितच मागे पडतात.

ही शिस्त मुळापासून नव्हती. संपूर्णपणे देशाच्या हद्दीतला पहिला लोहमार्ग झुरिच ते बाडेन असा १८४७ मध्ये सुरू झाला, म्हणजे शेजारी देशांच्या मानाने उशिराच. १८५२ च्या कायद्याने रेल्वेची बांधणी खासगी कंपन्यांवर आणि प्रांतांवर सोपवली आणि मग जिथे नफा दिसेल तिथे रूळ पडत गेले. जिनिव्हा सरोवरापासून कॉन्स्टन्स सरोवरापर्यंत, जुरा डोंगर आणि आल्प्स यांच्यामध्ये पसरलेल्या सखल पट्ट्यात देशाची बहुतेक मोठी शहरे आहेत. साहजिकच कंपन्यांची चढाओढ तिथेच झाली आणि काही कंपन्या या स्पर्धेत डबघाईला आल्या. पुढे १८९१ मध्ये बासेलजवळ म्युन्खेनश्टाइन येथे, आयफेल टॉवरवाल्या गुस्ताव्ह आयफेल यांच्या कंपनीने बांधलेला पूल गाडीखाली कोसळून ७० हून अधिक प्रवासी मरण पावले. खासगी कंपन्यांविषयीची नाराजी अनेक कारणांनी साठत होती. फेब्रुवारी १८९८ च्या सार्वमतात जनतेने राष्ट्रीयीकरणाला मोठ्या बहुमताने कौल दिला आणि १९०२ पासून संघराज्याची रेल्वे अस्तित्वात आली. डब्यांवर आज दिसणारी एसबीबी, सीएफएफ, एफएफएस ही तीन आद्याक्षरे तिचीच, जर्मन, फ्रेंच आणि इटालियन भाषांतली.

या इतिहासात सर्वांत अधिक थांबावे असे ठिकाण म्हणजे गोटहार्ड. आल्प्सच्या पोटातून १५ किलोमीटरचा बोगदा काढण्याचे काम १८७२ मध्ये सुरू झाले. त्यामागे झुरिचचे राजकारणी आणि उद्योजक आल्फ्रेड एशर यांची जिद्द होती, तर प्रत्यक्ष खोदाईचा ठेका जिनिव्हाच्या लुई फाव्र यांनी आठ वर्षांच्या कठोर मुदतीवर घेतला होता. बोगद्यातली उष्णता, धूर आणि घाण पाणी यांनी मजुरांचे अतोनात हाल झाले. १८७५ मध्ये त्यांनी काम बंद पाडले तेव्हा चालवलेल्या गोळीबारात चौघे ठार झाले. खुद्द फाव्र १८७९ मध्ये बोगद्यातच कोसळून वारले. फेब्रुवारी १८८० मध्ये दोन्ही बाजूंची खोदाई एकमेकांना भिडली, त्या वेळी पडलेल्या भोकातून सर्वांत आधी पलीकडे गेले ते एका डबीतले फाव्र यांचे छायाचित्र. एशर यांना तर खर्च हाताबाहेर गेल्यामुळे त्याआधीच गोटहार्ड रेल्वे कंपनीचे प्रमुखपद सोडावे लागले होते. आज झुरिच स्थानकासमोर कारंज्यावर त्यांचा पुतळा आहे. प्रवाशांची गर्दी त्याच्याकडे न पाहताच ट्रामकडे वळते.

हा जुना मार्ग अजूनही चालू आहे आणि या जाळ्यातल्या कोणत्याही एकाच प्रवासाची शिफारस करायची झाली तर मी याची करीन. दक्षिणेकडे जाताना वासेन गावाजवळ गाडी डोंगराच्या पोटात वळसे घेत चढते. गावातले पांढरे चर्च प्रथम खिडकीतून वर पाहावे लागते इतके उंच दिसते, एका बोगद्यातून बाहेर येताच जवळपास समोर येते आणि पुन्हा वळून आल्यावर खाली राहिलेले दिसते. उंची गाठण्यासाठी रूळ स्वतःभोवती कसा गुंडाळला आहे, हे नकाशावर समजत नाही. चर्चची जागा बदलताना पाहिली की चटकन उमगते. २०२० पासून या मार्गावरच्या लांब पल्ल्याच्या गाड्या ‘ट्रेनो गोटार्डो’ या नावाने दुसरी एक रेल्वे कंपनी चालवते. घाई असलेल्यांसाठी १ जून २०१६ रोजी खुला झालेला ५७ किलोमीटरचा नवा पायथा-बोगदा, म्हणजे डोंगराच्या पायथ्याच्या पातळीवरून जाणारा बोगदा आहे. जुन्या बोगद्याचा माथा समुद्रसपाटीपासून ११५१ मीटरवर आहे, तर नव्याचा अवघ्या ५४९ मीटरवर. चढच उरला नसल्याने लांबलचक मालगाड्यांना जादा इंजिने जोडावी लागत नाहीत. आल्प्समधून जाणारी मालवाहतूक रस्त्यावरून रुळांवर आणावी, हा कौल जनतेने १९९४ मध्ये दिला होता, त्याला या बोगद्याने बळ दिले. प्रवाशाच्या दृष्टीने मात्र हा सुमारे वीस मिनिटांचा अंधार आहे.

कोळसा नसलेल्या या देशाला पहिल्या महायुद्धात इंधनटंचाईची चांगलीच झळ बसली. १९२० च्या सुमारास गोटहार्ड मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या आणि त्यासाठी डोंगरातल्या पाण्यावर रेल्वेने स्वतःची वीजकेंद्रे उभी केली. आज जवळपास सगळे जाळे विजेवर चालते आणि वीज बहुतांशी जलविद्युत असते. डब्यात बसल्यावर जाणवणारी शांतता काही प्रमाणात या जुन्या निर्णयाची देणगी आहे.

आता पुन्हा वेळापत्रकाकडे. १९८२ मध्ये देशभर ठरावीक अंतराने गाड्या सोडण्याची पद्धत आली. तासाच्या ज्या मिनिटाला सकाळी गाडी सुटते, त्याच मिनिटाला ती दुपारी आणि संध्याकाळीही सुटते, त्यामुळे वेळापत्रक पाठ करण्यासारखे काही उरत नाही. डिसेंबर १९८७ च्या सार्वमतात मंजूर झालेल्या ‘बान २०००’ (म्हणजे ‘रेल्वे २०००’) योजनेने हा विचार पुढे नेला. प्रमुख स्थानकांमधला प्रवास एका तासाहून थोडा कमी असला, तर सर्व दिशांच्या गाड्या प्रत्येक स्थानकात एकाच सुमारास भेटू शकतात. झुरिच आणि बर्न यांच्यामधला प्रवास त्याहून लांब होता, म्हणून माटश्टेटन ते रोट्रिस्ट असा सुमारे ४५ किलोमीटरचा नवा मार्ग बांधून डिसेंबर २००४ पासून तो ५६ मिनिटांवर आणला. त्याहून कमी करण्याचा अट्टहास कोणी केला नाही, कारण आधी पोहोचून गाडी नुसती उभीच राहिली असती. आधी वेळापत्रक आखायचे आणि मग त्याला लागेल तेवढाच रूळ टाकायचा, हा क्रम मला या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो.

हे गणित सगळीकडे जमलेले नाही. लोझान आणि बर्न यांच्यामधला वळणावळणांचा मार्ग सरळ करण्याऐवजी, वळणावर डबा आतल्या बाजूला कलता ठेवणाऱ्या दुमजली गाड्या घेऊन तिथली मिनिटे वाचवायची, असा बेत २०१० मध्ये केला गेला. या नव्या गाड्या कारखान्यातून ठरल्यापेक्षा कित्येक वर्षे उशिरा मिळाल्या, त्यांच्या हादऱ्यांविषयी तक्रारी झाल्या आणि २०२२ मध्ये रेल्वेने वळणावर जास्त वेगाने जाण्याची कल्पनाच सोडून दिली. रुळावर करायचा खर्च डब्यावर भागवण्याचा हा प्रयत्न अंगाशी आला, असेच म्हणावे लागेल.

प्रत्यक्ष प्रवासात सोयी विचारपूर्वक केलेल्या आहेत. फलाटावर ए, बी, सी, डी असे विभाग असतात आणि पहिल्या वर्गाचे डबे कोणत्या विभागापुढे थांबतील हे फलकावर आधीच दिसते, त्यामुळे सामान घेऊन धावपळ होत नाही. सुटणाऱ्या गाड्यांचे छापील वेळापत्रक पिवळ्या कागदावर आणि येणाऱ्या गाड्यांचे पांढऱ्यावर असते, हे एकदा कळले की चूक होत नाही. १९४४ मध्ये हान्स हिल्फिकर या रेल्वेच्याच अभियंत्याने आखलेले घड्याळ प्रत्येक स्थानकात आहे. त्याचा लाल सेकंदकाटा सुमारे साडेअठ्ठावन्न सेकंदांत फेरी संपवून बाराच्या आकड्यावर क्षणभर थबकतो आणि मिनिटकाटा पुढे सरकला की पुन्हा निघतो. रोजच्या गाड्यांना आरक्षण लागत नाही, फलाटावर जायला अडथळे नाहीत, तपासणी गाडीत होते. पण गाडी सुटण्याच्या आत तिकीट हातात असले पाहिजे, मोबाइलवर गाडीत बसल्यावर काढलेले चालत नाही. शिवाय संघराज्याच्या रेल्वेखेरीज इतर अनेक रेल्वे कंपन्या, सरोवरांतल्या बोटी आणि टपालखात्याच्या पिवळ्या बसगाड्या यांच्यासाठी बहुतेक ठिकाणी एकच तिकीट पुरते. डोंगरातल्या छोट्या स्थानकाबाहेर ती पिवळी बस गाडीची वाट पाहत उभी असते.

दर हा या सेवेचा सर्वांत दुबळा दुवा आहे. आयत्या वेळी पूर्ण दराने काढलेले तिकीट खिशाला चांगलेच जाणवते. स्थानिक लोकही फारसे पूर्ण दराने प्रवास करत नाहीत, ते वार्षिक निम्म्या दराचे कार्ड बाळगतात. परदेशी पाहुण्यांसाठीही निम्म्या दराचे कार्ड आणि ठरावीक दिवसांचा पास असे पर्याय आहेत. रोज लांब फिरणार असाल तरच पास परवडतो, एका गावी मुक्काम ठेवून अधूनमधून फिरणाऱ्याला कार्ड बरे पडते. पास घेतला म्हणजे सगळे फुकट, असा समज करून घेऊ नये. ३४५४ मीटरवरच्या युंगफ्राउयोखला नेणाऱ्या, १९१२ मध्ये पूर्ण झालेल्या डोंगरी रेल्वेच्या वरच्या टप्प्यात पासावर फक्त सवलत मिळते.

काचेच्या छताच्या पर्यटक गाड्यांबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. बेर्निना एक्सप्रेसला आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात आणि खिडक्या उघडत नाहीत. त्याच मीटर गेज रुळांवरून, २२५३ मीटर उंचीच्या ओस्पित्सियो बेर्निना स्थानकातून इटलीतल्या तिरानोपर्यंत साध्या लाल गाड्याही धावतात. त्यांना आरक्षण लागत नाही, काही डब्यांच्या खिडक्या खाली घेता येतात आणि वाटेत हवे तिथे उतरता येते. ब्रूझिओ येथे गाडी उघड्या मैदानात गोल पुलावरून स्वतःभोवती फेरी मारून उतरते, तेव्हा खिडकीतून पुढचे डबे समोरून जाताना दिसतात. काचेआडून ती मजा निम्मीच उरते.

जर्मनीहून रेल्वेने येणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिकडून फार उशिरा आलेली गाडी स्विस वेळापत्रकात घुसवून सगळ्यांचा मेळ बिघडवण्यापेक्षा ती बासेललाच थांबवली जाते आणि पुढच्या प्रवाशांना ठरल्या वेळी सुटणाऱ्या स्विस गाडीत बसवले जाते. अशा वेळी सामानासह फलाट बदलावा लागतो आणि काढलेले जागेचे आरक्षण उपयोगी पडत नाही. म्हणून मोठ्या बॅगा घेऊन निघालेल्यांनी बासेलला गाडी बदलायची आहे असेच धरून चालावे.